आज कंपनी बंद

म्हसे बाई रोज सकाळी फळ्यावर तारखेच्या खाली एक ओळ लिहायच्या. 'आज बांबूचा दिवस.' 'आज डासांचा दिवस.' 'आज डावखुऱ्या माणसांचा दिवस.' लिहून झालं की दोन पावलं मागे सरून त्या ओळीकडे पाहायच्या, बोटांवरचा खडू भिंतीला पुसायच्या आणि खुर्चीत बसून डोळे मिटायच्या. मिनिटभरच. मग डोळे न उघडताच म्हणायच्या, "झालं. आता शाळा."

आमची शाळा कशेळ्याच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. दोन खोल्या, दोन शिक्षिका, चाळीसेक मुलं. बाई मुख्याध्यापिका, मी त्यांच्या हाताखाली. मी मूळची फलटणकडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे शेलूला नव्या इमारतीत घर घेतलं, तिथून मी नेरळवरून स्कूटीने यायचे. बाई दुसऱ्या टोकाहून यायच्या. त्यांचं गाव खालापूर तालुक्यात, कर्जतहून चौकला जाणाऱ्या रस्त्यावर. तिथून रिक्षाने कर्जत, कर्जतहून जीपने कशेळं आणि कशेळ्याहून जो कोणी या बाजूला येत असेल त्याच्या गाडीवर मागे बसून शाळा. मी रुजू झाले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

जीपमध्ये त्या झोपायच्या. बसल्या की पर्सचा पट्टा मनगटाला दोन वेढे घालून गुंडाळायच्या आणि गाडी सुरू व्हायच्या आत त्यांची मान पुढे पडलेली असायची. मधल्या सीटवर चार माणसं, मांडीवर कोणाची तरी कोंबडीची पाटी, तरी झोप. सगळे जीपवाले त्यांना ओळखायचे. कशेळं आलं की मागे न बघता ओरडायचे, "बाई, उठा, शाळा आली!" आणि बाई लगेच "हजर" म्हणायच्या. मी एकदा त्यांच्यासोबत कर्जतहून आले तेव्हा हे स्वतः ऐकलं. गाडीतलं कोणी हसलं नाही. रोजचंच होतं ते.

दिवस साजरे करणं हे आमच्या नोकरीतलं कामच आहे. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर मेसेज येतो: उद्या अमुक दिन, उपक्रम घ्या, फोटो काढा, पाचच्या आत पाठवा. वाचनाचा दिन, पाण्याचा दिन, चिमणीचा दिन, ओझोनचा दिन. शिक्षक वैतागतात, फळ्यावर दिनाचं नाव लिहितात, मुलांना ओळीत उभं करून फोटो काढतात आणि मोकळे होतात. बाईंनी त्यासाठी लाल कापडाचा एक पट्टाच शिवून घेतला होता. एका टोकाला 'जागतिक', दुसऱ्या टोकाला 'दिन', आणि मधे रिकामी जागा. तिथे कागदावर नाव लिहून टाचणीने लावायचं. "दरवेळी नवा बॅनर कोण करीत बसणार," त्या म्हणायच्या.

पण बाईंचं गटावरच्या मेसेजांनी भागायचं नाही. गटावर महिन्याला सात-आठ दिवस यायचे. बाईंना रोज एक लागायचा. शाळा सुटली, कुलूप लावलं, की त्या मला विचारायच्या, "उद्या काय हाय गं, सुजाता?"

मी मोबाईलमध्ये शोधायचे. जगात कोणी ना कोणी कशाचा ना कशाचा दिवस ठरवून ठेवलेलाच असतो. नारळाचा असतो, अंड्याचा असतो, गाढवाचासुद्धा असतो. मी वाचून दाखवायचे आणि बाई पायरीवर उभ्या राहून विचार करायच्या.

"बटाट्याचा दिवस आहे बाई."

"छे. बटाट्यासाठी कोण सुट्टी देणार? दुसरा बघ."

"वादळाचा अंदाज सांगणाऱ्या खात्याचा आहे."

"हां. हा चालेल."

'चालेल' म्हणजे कुठे चालेल, ते मला कळायचं नाही. शाळेला त्या कुठल्याच दिवशी सुट्टी देत नव्हत्या. आणि कधी मी कंटाळून म्हटलं, "उद्या काहीच नाही बाई," की त्यांचा चेहरा पडायचा. "असं कसं? बघ जरा नीट. काहीतरी असंल." एवढ्या काकुळतीने त्या कधी पगारवाढीसाठीसुद्धा बोलल्या नसतील.

दिवस मिळाला की मात्र त्या तो पुरेपूर वापरायच्या. डावखुऱ्यांच्या दिवशी त्यांनी सगळ्या शाळेला डाव्या हाताने शुद्धलेखन लिहायला लावलं. स्वतः लिहिलं, मलाही लिहायला लावलं. तिसरीत सगुणा नावाची एक मुलगी होती, डावखुरी. घरात तिची आजी तिच्या डाव्या हातावर चापट मारायची, म्हणून ती शाळेतही उजव्या हाताने लिहायची, आणि तिचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं. त्या दिवशी तिने पहिल्यांदा न घाबरता डावा हात वापरला. आमच्या सगळ्यांच्या वह्या बघण्यासारख्या झाल्या होत्या, ओळ कुठे, अक्षर कुठे. सगुणाची वही बाईंनी वर धरून सगळ्यांना दाखवली. मग तिच्या आजीला निरोप पाठवला. आजी आली, ओट्यावर बसली. बाईंनी तिच्यापुढे कागद ठेवला आणि तिच्या डाव्या हातात पेन्सिल दिली.

"आजी, एक रेघ मारा बरं सरळ."

"मला नाय येत वो लिवायला."

"लिवू नका. रेघ मारा."

म्हातारीने रेघ मारली. ती कागदाबाहेर गेली. बाई म्हणाल्या, "आता उजव्या हातानं लिवताना तुमच्या नातीचं असंच होतं." म्हातारी बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसली. मग उठताना म्हणाली, "जेवताना तरी उजवा ठेव म्हणावं तिला." तेवढ्यावर तडजोड झाली.

हात धुण्याच्या दिवशी शाळेचा हातपंप बंद होता. दीड महिना बंद होता. बाकीच्या शाळांचे फोटो येत होते, फेस आलेले हात, हसरी मुलं. बाईंनी मुलांना पंपाभोवती गोल उभं केलं, सगळ्यांना कोरडे हात पुढे करायला लावले आणि तसाच फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'पाणी नसल्यामुळे हात धुण्याची फक्त कृती केली.' दहा मिनिटांत केंद्रप्रमुखांचा फोन आला. बाईंनी तो माझ्यासमोरच घेतला.

"बाई, फोटोत पाणी दिसत नाही."

"नाय ना साहेब. फोटोतपण नाय."

"अहो, बादलीभर आणून ठेवायचं. एक फोटोपुरतं."

"बादलीभर आणायचं तर या पोरींनाच वाडीवरून आणावं लागतं साहेब. मग धुवायला हात उरत नाय त्यांचे."

पंप दुरुस्त करायला माणूस आला, पण आणखी पंधरा दिवसांनी. बाईंनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "तुमचा पण एखादा दिवस असतो का हो?" तो बिचारा काही समजलाच नाही.

एखादा दिवस त्या स्वतःच काढायच्या. पावसाळ्यात ओढ्यापलीकडच्या वाडीची मुलं उशिरा यायची. ओढ्याला पाणी असलं की लांबून वळसा घालून यावं लागायचं, आणि येऊन पाहतात तर प्रार्थना संपलेली. एका सकाळी फळ्यावर ओळ होती, 'आज उशिरा येणाऱ्यांचा दिवस.' त्या दिवशी बाईंनी प्रार्थनाच थांबवून ठेवली. वेळेवर आलेली मुलं ओट्यावर बसून राहिली. अकरा वाजून गेल्यावर वाडीची सात मुलं भिजून आली, तेव्हा बाईंनी त्यांना सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "चला, आता सुरू करूया. तुमच्यासाठीच थांबलो होतो." ती मुलं एवढी गोंधळली की प्रार्थनेचे शब्दच विसरली.

हे सगळं आज लिहिताना गोड वाटतं. तेव्हा मला त्याचा कंटाळा आला होता. पहिली-दुसरीची मुलं माझ्याकडे, त्यांना जोडाक्षरं येत नव्हती, वरून चाचणीचे आकडे भरायचे, पोषण आहाराची नोंद ठेवायची, आणि रोज संध्याकाळी बाईंना उद्याचा दिवस शोधून द्यायचा. महिन्याच्या शिक्षण परिषदेत चहा पिताना मी केंद्रप्रमुखांसमोर बोलून गेले. गमतीतच बोलले, पण बोलले. "आमच्या बाईंना रोज नवा दिवस लागतो सर. जो गटावर नसतो तोही. शिकवायचं कधी, हा प्रश्नच आहे." सगळे हसले. केंद्रप्रमुख हसले नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली.

त्यानंतर महिन्याभराने खालापूरला आम्हा दोघींचं प्रशिक्षण लागलं. बाईंचं गाव वाटेवरच होतं, म्हणून मी म्हटलं, मी स्कूटीवर येते, तुम्हाला घेऊन जाते. त्या नको नको म्हणत होत्या. मी ऐकलं नाही. सकाळी सात वाजायच्या सुमाराला त्यांच्या दारात पोहोचले.

ओटीवर एक उंच माणूस खुर्चीत ताठ बसला होता. खाकी पँट, निळा शर्ट, दोन्हीला कडक इस्त्री. पायात काळे जाड बूट. मांडीवर कापडी पिशवीत डबा. मला बघून त्यांनी विचारलं, "गाडी आली का?"

मला वाटलं स्कूटीबद्दल विचारतायत. मी हो म्हटलं. ते लगेच उठले. तेवढ्यात बाई आतून ओल्या हातांनी धावत आल्या.

"अवो, बसा. ती आमच्या शाळेची हाय, सुजाता. गाडी नाय आली. आज कंपनी बंद हाय."

"कशाला बंद?"

"टपालाचा दिवस हाय आज."

म्हसे दादा, म्हणजे बाईंचे यजमान, खाली बसले, पण त्यांना ते पटलं नव्हतं. "टपालाचा दिवस असंल तर टपालवाल्यांना सुट्टी. आमाला कशापायी?"

"कंपनीची कागदं कशानं येतात? टपालानंच ना? कागद नाय तर माल कुठं पाठवणार? म्हून बंद."

दादांनी यावर खूप वेळ विचार केला. मी उभीच होते. मग ते म्हणाले, "बराबर हाय." त्यांनी डबा बाईंच्या हातात दिला आणि बुटाचे बंद सोडायला वाकले. बाई खाली बसल्या आणि त्यांनी ते सोडले. वर माझ्याकडे बघितलं नाही.

वाटेत मागून त्याच सांगत होत्या, माझ्या खांद्याजवळ तोंड आणून, कारण वाऱ्यात ऐकू येत नव्हतं.

दादांनी रसायनीच्या एका कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली. निवृत्त झाल्यावर वर्षभर बरे होते, मग विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग माणसांची नावं, मग निवृत्त झालो हेच. रोज सकाळी पाच वाजता उठून तयार होऊन कंपनीच्या गाडीची वाट बघत बसायचे. सुरुवातीला बाईंनी खरं सांगितलं. "तुमी रिटायर झालात." ते प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकत होते. "'काढलं का मला?' असं विचारायचे गं," बाई म्हणाल्या. "'काय केलं मी? माझी काय तक्रार गेली?' आणि लहान पोरासारखे रडायचे. रोज. मी किती दिवस रडवणार?"

"मग रविवार आहे म्हणून सांगायचं."

"ते केलं ना. पण ओटीवरून रस्ता दिसतो. शाळेची पोरं जाताना दिसली की मला खोटी पाडतात. म्हून कंपनीलाच सुट्टी असंल असं काहीतरी पाहिजे. आणि तेच तेच चालत नाय. बाकी सगळं विसरतात, पण काल काय सांगितलं ते कधी कधी बरोबर ध्यानात राहतं. एकदा दिवाळी लागोपाठ दोनदा सांगितली तर उठून चालायला लागले. चौकच्या पुढे, हायवेला सापडले. ट्रकवाल्यानं बसवून ठेवलं होतं."

मी आरशातून पाहिलं. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

"सुट्टी म्हटलं ना, की उद्या जायचं असतं," त्या म्हणाल्या. "त्याचं काय वाटत नाय माणसाला."

दिवसभर त्यांच्याकडे कोण बघतं, मी विचारलं. शेजारी जाऊबाई होत्या. त्यांनाही निघताना रोज सांगून जावं लागायचं, आज कसला दिवस आहे ते. नाहीतर दोघींचं सांगणं जुळायचं नाही.

त्या दिवसापासून मी घरी जाऊनही त्यांच्यासाठी दिवस शोधून ठेवायला लागले. वहीत लिहून द्यायचे आणि प्रत्येक दिवसापुढे कंपनी बंद असल्याचं कारणही. बांबूचा दिवस: कंपनीच्या शेडचे बांबू बदलायचे आहेत. डासांचा दिवस: धूर मारायचा आहे, आत कोणाला सोडत नाहीत. बाई वाचून म्हणायच्या, "हे पटंल. हे नाय पटणार, फार शिकलेलं कारण हाय." दादांच्या डोक्यात कंपनी अजून पुरी चालू होती. बॉयलर कधी बंद करता येतो आणि कधी येत नाही, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि सुट्टी त्या हिशेबात बसावी लागायची.

शिक्षण परिषदेत मी जे बोलले होते ते मात्र मी बाईंना सांगितलं नाही. वाटलं, विसरून गेले असतील सगळे.

परीक्षेच्या आधी एका सकाळी विस्तार अधिकारी शाळेत आले. सोबत केंद्रप्रमुख. शाळा भरली होती आणि बाई आल्या नव्हत्या. मी फोन लावला, लागला नाही. साहेबांनी माझा वर्ग पाहिला, मुलांना वाचायला लावलं, मुलांनी बऱ्यापैकी वाचलं. मग ते बाईंच्या वर्गात जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले. फळा कोरा होता.

बाई सव्वा तासाने आल्या. चप्पल एकाच पायात होती. दुसरा पाय चिखलाने भरलेला. केस सुटलेले. साहेब उठले नाहीत.

"किती वाजले बाई?"

"उशीर झाला साहेब."

"ते दिसतंय. मी ऐकलंय, तुमच्याकडे रोज एक दिन असतो. परिपत्रकात नसलेलासुद्धा. आज कोणता आहे?"

बाई फळ्याकडे बघत राहिल्या. वर्गातली मुलं त्यांच्याकडे बघत होती. मी दारात उभी होते. मला तीन दिवस पाठ होते, एक जरी ओरडून सांगितला असता तरी चाललं असतं. 

"आज काही नाय साहेब," बाई म्हणाल्या. "आज नुसताच दिवस हाय."

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं आणि निघून गेले. ते गेल्यावर सगुणाने स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने बाईंचा पाय धुतला. तेव्हा बाईंनी सांगितलं. त्या सकाळी दादा मागच्या दाराने निघून गेले होते. गावातली माणसं घेऊन शेतं पालथी घातली. सापडले ते कालव्याच्या कडेला, डबा उघडून बसलेले. जेवणाची सुट्टी झाली म्हणाले.

आठवड्याने कारणे दाखवा नोटीस आली. विनापरवानगी उशीर, मंजुरी नसलेले दिन साजरे करणे, अध्यापनाकडे दुर्लक्ष. मी बाईंना म्हटलं, सगळं लिहा. दादांचं आजारपण लिहा, डॉक्टरांचा कागद जोडा. साहेबही माणूस आहेत.

"त्यांचं नाव सरकारी कागदावर नको," बाई म्हणाल्या. "तीस वर्षांत एक मेमो नाय त्यांना. माझ्या मेमोत ते कशाला?"

खुलासा त्यांनी एका ओळीचा लिहिला. 'त्या दिवशी मी फार थकले होते, म्हणून उशीर झाला.' मला सुधारायलाही दिला नाही. तसाच पाकिटात घातला.

तेव्हा मी त्यांना सांगितलं. पायरीवर बसलो होतो, कुलूप लावून झालं होतं. म्हटलं, "बाई, ते मी बोलले होते. परिषदेत. चहा पिताना."

बाई पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळत होत्या. एक वेढा झाला, दुसरा झाला.

"म्हायती हाय मला," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी फोन आला होता एकीचा."

"मग तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत?"

"काय बोलणार? खरंच होतं की. तुझी पोरं मागं पडत होती." मग म्हणाल्या, "आणि तुला बोलले असते तर उद्याचा दिवस कोणाला विचारला असता?"

खुलासा मान्य झाला नाही. सक्त ताकीद मिळाली, सेवापुस्तकात तशी नोंद झाली. बाईंनी तो कागद वाचला आणि कपाटात हजेरीच्या जुन्या वह्यांखाली ठेवून दिला. दुसऱ्या दिवशीपासून फळ्यावर फक्त तारीख आणि वार यायला लागला. मुलांनी चार-पाच दिवस विचारलं, "बाई, आज काय हाय?" बाई वार सांगायच्या. मग मुलांनी विचारणं सोडलं. संध्याकाळी मला मात्र त्या विचारतच राहिल्या, शेवटच्या दिवसापर्यंत. शाळेतला दिवस गेला तरी घरातला लागतच होता.

निवृत्तीचा कार्यक्रम त्यांनी करू दिला नाही. केंद्रप्रमुखांनी शाल-नारळाची तयारी केली होती. बाईंनी निरोप पाठवला, कार्यक्रमाला थांबले तर चारची जीप चुकेल. त्या दिवशी त्यांनी मुलांची हजेरी घेतली, भागाकाराची गणितं तपासली, माझ्याकडे चाव्या दिल्या आणि एका दुधवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून निघून गेल्या. मुलं हात हलवत होती. बाईंचा एक हात दुधवाल्याच्या खांद्यावर होता आणि दुसऱ्याने पर्स धरली होती. हात हलवायला मोकळा नव्हता, म्हणून त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

पुढे सात-आठ महिने उद्याचा दिवस विचारायला त्यांचा फोन यायचा. मग त्या 'उद्या काय हाय' विचारेनाशा झाल्या. मला वाटलं, दादा गेले. विचारायची हिंमत झाली नाही.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा खालापूरला प्रशिक्षण होतं. मी सकाळीच निघाले. बाईंच्या गावाच्या फाट्यावर पत्र्याची एक शेड आहे, तिथे एसटी थांबते. शेडमध्ये दोघं बसलेली दिसली. मी स्कूटी बाजूला घेतली.

दादा इस्त्रीच्या निळ्या शर्टात, डबा मांडीवर. बाई साडीवर स्वेटर घालून, डोक्याला रुमाल बांधून. मला बघून त्या उठल्या नाहीत, पण हसल्या. खूप वाळल्या होत्या.

"बाई, इथे?"

"रोज येतो आमी. साडेसहाला." त्यांनी मला जवळ बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं, "सुट्ट्या संपल्या गं माझ्या. एक दिवस काही सुचलंच नाय. मी म्हटलं, चला, आज ड्युटी हाय, मी सोडते गाडीपर्यंत. तर इतके खूश झाले. इथं येऊन बसलो. गाडी कुठली येणार? ती बंद होऊन वर्षं झाली. आठ वाजायला आले की आपणच म्हणतात, आज गाडी चुकली वाटतं. मग उठतो, घरी जातो, चहा घेतो. काय बोलावं लागत नाय."

"थंडीत रोज?"

"पावसात छत्री घेऊन येतो." त्यांनी जांभई दिली, हाताने तोंड झाकलं. "तू जा. तुला उशीर होईल."

दादांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुमची कुठली शिफ्ट?"

"पहिली," मी म्हटलं.

"मग थांबा की. गाडी येतेच हाय."

मी थांबले. धुकं होतं, रस्त्यावरून एक टेंपो गेला, एक रिकामी स्कूलबस गेली. दादा प्रत्येक गाडीकडे मान उंचावून बघत होते आणि ती आपली नाही असं दिसलं की परत टेकून बसत होते. घाई नव्हती त्यांना. मी बाईंना प्रशिक्षणाचं काहीतरी सांगत होते. उत्तर आलं नाही म्हणून पाहिलं, तर त्यांची मान पुढे पडली होती. मग ती हळूच कलली आणि दादांच्या खांद्यावर जाऊन टेकली.

दादांनी खाली बघितलं. बराच वेळ त्या चेहऱ्याकडे बघत राहिले, ओळख लागते का ते बघत असावेत. मग त्यांनी डबा दुसऱ्या मांडीवर घेतला, खांदा थोडा खाली केला, बाईंना नीट टेकता यावं म्हणून. मी उठून स्कूटीकडे निघाले. किल्ली फिरवणार तेवढ्यात त्यांनी तोंडावर बोट ठेवून मला थांबवलं.

"जरा लांब नेऊन चालू करा," ते कुजबुजले. "बाई रातपाळी करून आल्यात. निजू दे त्यांना."

मी स्कूटी ढकलत वळणापर्यंत नेली.